मान्यतेची किंमत

१९८३ या एकाच वर्षी नगर जिल्ह्यात तीन अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली: लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी आणि कोपरगावला संजीवनी. तिन्हींच्या मागे सहकारी साखर कारखान्यांभोवती वाढलेल्या संस्था होत्या आणि तिन्ही विनाअनुदानित होत्या. शिक्षकांचे पगार, प्रयोगशाळा, इमारत यांपैकी कशाचाच भार सरकार उचलणार नव्हते. तरीही सरकारची परवानगी आणि पुणे विद्यापीठाचे संलग्नीकरण हाती आल्याशिवाय यांतल्या एकाही संस्थेला पहिला विद्यार्थी घेता येत नव्हता. पुढच्या चार दशकांत ही परवानगी मागणाऱ्यांची यादी वाढली, तशी परवानगीसाठी भरायच्या रकमांची यादीही वाढली. अर्जाचे शुल्क आले, तपासणीचे आले, दरवर्षीचे संलग्नीकरण शुल्क आले, मुदत ठेवी आल्या. जो काही देत नाही त्याने परवानगी का द्यावी आणि त्यासाठी पैसे का घ्यावेत, हा प्रश्न संस्थाचालक विचारतात. तो रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र संस्थाचालकांना हवे तसे नाही आणि सरकारलाही सोयीचे नाही. आजचा अहिल्यानगर जिल्हा २०२४ पर्यंत अहमदनगर होता आणि लोकांच्या बोलण्यात तो नगर जिल्हाच आहे. त्याच्या शिक्षणाचा जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर आधी मान्यतेबरोबर सरकारी पैसा येत असे आणि आता पैसा भरल्यावर मान्यता मिळते, एवढा बदल स्पष्ट दिसतो. पैशाची दिशा उलटली यात मुळात वावगे काही नाही. पैसा येत होता तेव्हा त्याच्या मागोमाग तपासणी येत असे. पैसा उलट वाहू लागला आणि तपासणी मागे पडली, माझा आक्षेप एवढाच आहे.

सुरुवातीला परवानगी नावाची गोष्टच नव्हती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा विचार बळावला. फरारबाईंनी शाळेसाठी कोणत्या कचेरीत अर्ज केला नव्हता, जोतीराव-सावित्रीबाईंनीही केला नाही. त्या काळात शाळा काढायला जागा, शिकवणारा माणूस आणि समाजाचा रोष सोसण्याची तयारी पुरेशी होती. १८५४ मध्ये वुडचा खलिता आला आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण ठरले. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. शाळेने चांगले ऐहिक शिक्षण द्यावे, तिचे स्थानिक व्यवस्थापन जबाबदार असावे, सरकारी निरीक्षकाला तपासणी करू द्यावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना, फी घ्यावी. अनुदान नको असेल तर तपासणीही नको, हा मार्ग मोकळा होता. सरकारचा शाळेत शिरण्याचा हक्क सरकारने दिलेल्या पैशातून आला होता. पैसा घ्यायचा की नाही हे शाळा ठरवत असे.

मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. निरीक्षकाने शाळेत जायचे, मुलांची परीक्षा घ्यायची आणि जितकी मुले उत्तीर्ण तितके पैसे मोजायचे. या पद्धतीवर त्या काळीही टीका झाली आणि ती योग्य होती. शिक्षक फक्त परीक्षेपुरते घोकून घेत, मंद मुलांकडे दुर्लक्ष होई. पण तिच्यात एक गुण होता, तो नंतर हरवला. निरीक्षक इमारत मोजत नव्हता, तो मूल तपासत होता. नगरला मिशनने पुढे सर डी. एम. पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा चालवली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल या अभियंत्याने याच गावात हातमागात सुधारणा करून विणकरांना शिकवले.  आजच्या भाषेत ज्याला रोजगाराभिमुख अभ्यासक्रम म्हणतात, तो नगरमध्ये शंभर वर्षांपूर्वी असा चालत होता. अशा शाळेची खरी परीक्षा शिकून बाहेर पडलेल्याच्या हातून कापड किती आणि कसे निघते, यावर होत असे.

१८८२ मध्ये हंटर आयोगाने उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे आणि ते खासगी प्रयत्नांवर सोपवावे, अशी दिशा दाखवली. जोतीराव फुल्यांनी त्याच आयोगापुढे निवेदन दिले. रयतेच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि ज्यांनी तो भरला त्यांची मुले निरक्षर राहतात, ही त्यांची तक्रार होती. प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी सरकारने खासगी हातांवर ढकलू नये, असे त्यांनी ठामपणे मांडले. शिक्षणासाठी कोण पैसे भरतो आणि त्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न त्यांनी इतक्या स्पष्टपणे विचारला की पुढचा सगळा इतिहास त्यावरून तपासता येतो.

विसाव्या शतकात या प्रश्नाला बहुजन समाजाने स्वतःच्या संस्था काढून उत्तर दिले. नगरमध्ये १९१८ मध्ये जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे तिच्या शाखा नगर जिल्ह्यात खोलवर रुजल्या. श्रीरामपूरचे बोरावके महाविद्यालय, कर्जतचे दादा पाटील महाविद्यालय, कोपरगावचे श्री सद्गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय ही सगळी रयतची. त्याआधी, १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. १९६१ मध्ये संगमनेर महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या कला विभागाला गावच्या नगरपालिकेचे नाव आहे. या काळातले संलग्नीकरण हा मुख्यतः विद्यापीठाचा शैक्षणिक निर्णय असे. ग्रंथालय आहे का, शिक्षक पात्र आहेत का, विषय शिकवण्याची सोय आहे का, हे विद्यापीठाची माणसे येऊन पाहत आणि पुढे सरकार पगाराचे अनुदान देई. तपासणी आणि पैसा अजून एकाच वाटेने येत होते.

या व्यवस्थेवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो रयतच्याच इतिहासातून निघतो. १९४८ मध्ये मुंबई सरकारने राजकीय कारणावरून रयतचे अनुदान थांबवले आणि ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला. ज्याच्या हाती पैसा आणि मान्यता, त्याच्या हाती संस्थेचा गळा, असे म्हणणाऱ्याला हा दाखला पुरेसा आहे. आक्षेप खरा आहे. पण यातून मान्यता रद्द करावी असा निष्कर्ष निघत नाही. मान्यता देणारा अधिकारी कोणाच्या इच्छेवर चालतो, हे बंधनात ठेवावे असा निष्कर्ष निघतो. निकष लेखी आणि सार्वजनिक असले, नकार कारणांसह द्यावा लागला आणि त्यावर न्यायालयात जाता आले, तर मान्यतेचा धाक राजकारणासाठी वापरणे अवघड होते. आपण त्याच्या उलट दिशेने गेलो. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियमात विद्यापीठाने शिफारस न केलेल्या महाविद्यालयालाही अपवादात्मक परिस्थितीत, कारणे नोंदवून परवानगी देण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली. विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती येऊन पाहून जायची आणि शेवटचा शब्द मंत्रालयाचा. बृहत् आराखडा, इरादापत्र, अंतिम मान्यता असे टप्पे कागदावर नीट आखलेले होते. संस्थाचालकांना मात्र खरा निर्णय कुठे होतो हे ठाऊक होते.

नोंदणीच्या पैशाबाबत आपल्याकडे एक स्वच्छ तत्त्व एकदा ठरले होते. त्याची आठवण शिक्षणाच्या चर्चेत कोणी काढत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. शिक्षणसंस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या मुंबई (आता महाराष्ट्र) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदवल्या जातात. १९५० च्या कायद्यातील कलम ५८ नुसार न्यासांनी आपल्या उत्पन्नाचा काही भाग धर्मादाय खात्याच्या प्रशासन निधीला वर्गणी म्हणून द्यायचा होता. एका जैन न्यासाच्या व्यवस्थापकाने ही वर्गणी म्हणजे कर आहे, असे म्हणून आव्हान दिले. १९५४ मध्ये रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्गणी वैध ठरवली. त्याचे कारण महत्त्वाचे होते. हा पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळत नाही, स्वतंत्र निधीत जमा होतो आणि ज्यांच्याकडून घेतला त्या न्यासांच्या देखरेखीवरच खर्च होतो. म्हणून ते शुल्क आहे, कर नाही. त्याच वर्षी मद्रासमधील शिरूर मठाच्या खटल्यात याच कसोटीवर न उतरलेली आकारणी न्यायालयाने फेटाळली होती. केवळ धर्मनिरपेक्ष शिक्षणासाठी असलेल्या न्यासांना महाराष्ट्रात या वर्गणीतून सूट आहे, त्यामुळे या निकालाचा शिक्षणसंस्थांच्या खिशाशी थेट संबंध आला नाही. पण त्यातले तत्त्व मान्यता शुल्काला तंतोतंत लागू पडते. देखरेखीसाठी घेतलेला पैसा देखरेखीवर खर्च व्हावा. पुढे न्यायालयांनी ही कसोटी सैल केली. १९८३ मध्ये श्रीनिवास जनरल ट्रेडर्सच्या खटल्यात घेतलेले शुल्क आणि दिलेली सेवा यांचा गणिती ताळमेळ आवश्यक नाही, असा निर्णय झाला. नगर जिल्ह्यात विनाअनुदानित महाविद्यालयांचे पर्व सुरू झाले तेही याच वर्षी.

त्या पर्वाचे मूळ लोणीतच शोधावे लागते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०च्या अखेरीस सुरू झाला. सहकारी कारखान्यांनी उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम कापून शाळा, वसतिगृहे, रस्ते उभारण्याची रीत घातली. १९६४ मध्ये प्रवरा पब्लिक स्कूल आणि १९७१ मध्ये प्रवरानगरचे पद्मश्री विखे पाटील महाविद्यालय आले. शेतकऱ्याने स्वतःच्या उसातून स्वतःच्या गावासाठी शिक्षण विकत घेतले, असे याचे वर्णन करता येईल आणि ते खरेही आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव या गावांत अभियंते आणि डॉक्टर घडवण्याची सोय झाली ती सरकारच्या योजनेतून नाही, तर या पायावर. जिल्ह्याच्या सुपीक उत्तर भागातल्या घरांना या संस्थांनी जे दिले त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांतून 'शिक्षणसम्राट' म्हणून हिणवणाऱ्यांनी पाथर्डी किंवा जामखेडच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला तेव्हा महाविद्यालय किती दूर होते, याचा विचार अनेकदा केला नाही.

वसंतदादा पाटलांचे सरकार १९८३ मध्ये आले आणि त्यांनी खासगी, विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. दादांचा युक्तिवाद सरळ होता. महाराष्ट्रातली मुले कर्नाटकात जाऊन भरमसाट देणग्या मोजून शिकतात, तो पैसा इथेच राहावा आणि मुलेही इथेच शिकावीत. सरकारकडे इतकी महाविद्यालये काढायला पैसा नव्हता. ज्यांच्याकडे जमीन, माणसे आणि उसाच्या कपातीतून जमलेला निधी होता, ते कारखान्यांच्या परिसरातले नेते पुढे आले. नगरमध्ये प्रवरा, अमृतवाहिनी, संजीवनी एकाच वर्षी उभ्या राहिल्या त्याचे कारण हेच. १९८४ मध्ये लोणीला वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. इथे व्यवहार उलटला. सरकार पैसा देणारे राहिले नाही, पण परवानगीचा अधिकार त्याच्याकडेच राहिला, किंबहुना तो वाढला. अनुदान देणाऱ्याला तपासणीत स्वतःचा स्वार्थ असतो, कारण तिजोरीतले पैसे वाया जाऊ नयेत असे त्याला वाटते. परवानगी विकणाऱ्याला तसा स्वार्थ नसतो. जितक्या परवानग्या, तितके शुल्क. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले, तर त्याने एकदा उसाच्या बिलातून महाविद्यालयासाठी पैसे दिले आणि मुलाच्या प्रवेशावेळी पुन्हा भरले. जोतीरावांचा जुना प्रश्न त्याच्यापाशी नव्या रूपात आला.

देणग्यांचा अतिरेक झाला तेव्हा कायदे आले. कर्नाटकाने १९८४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९८७ मध्ये कॅपिटेशन फीवर बंदी घातली. त्याच वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला कायद्याचे बळ मिळाले. १९४५ पासून सल्लागार असलेली ही परिषद मान्यता देणारी संस्था झाली. मग न्यायालये उतरली. १९९२ मध्ये मोहिनी जैन, १९९३ मध्ये उन्नीकृष्णन, २००२ मध्ये टी. एम. ए. पै आणि २००५ मध्ये महाराष्ट्रातून गेलेला पी. ए. इनामदार यांचा खटला. संस्था चालवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क, वाजवी शिल्लक मान्य, नफेखोरी आणि देणगी अमान्य, अशी चौकट शेवटी तयार झाली. २०१५ मध्ये महाराष्ट्राने प्रवेश आणि शुल्क नियमनाचा स्वतंत्र कायदा केला. या सगळ्या धडपडीत एक गोष्ट विचार करायला लावते. न्यायालये, सरकार, समित्या सगळे विद्यार्थ्याकडून किती पैसे घ्यावेत, यावर वीस वर्षे भांडले. त्या पैशांच्या बदल्यात शिक्षण मिळते की नाही, हे कोण पाहणार, यावर तितका वाद झाला नाही.

त्याचा परिणाम अभियांत्रिकीपेक्षा शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांत अधिक उघडा पडला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ चा आणि परिषद १९९५ पासून कामाला लागली. २०००नंतरच्या दशकात महाराष्ट्रात डीएड महाविद्यालयांचे पेव फुटले. बारावीनंतर दोन वर्षे केली की जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, या आशेने मुले आणि मुख्यतः मुली आल्या. राज्य सरकार नव्या डीएड महाविद्यालयांची गरज नाही म्हणत असतानाही परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने राज्यातल्या २९१ संस्थांना मान्यता दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने या संस्थांची प्रत्यक्ष तपासणी करवली आणि बहुसंख्य संस्था मान्यतेस पात्र नाहीत, असे सांगितले. या प्रत्येक संस्थेने शुल्क भरले होते, ठेव ठेवली होती, तपासणी समितीला सामोरे जाऊन कागद पुरे केले होते. शुल्क घेतले गेले आणि तपासणी झाली नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात मला सापडत नाही. त्यावरचा उपाय अधिकच बोलका आहे. २०१४ च्या नियमांनी अर्जाचे शुल्क दीड लाख रुपये ठरवले आणि पाच लाखांच्या कायम ठेवीबरोबर राखीव निधी तीन लाखांवरून सात लाखांवर नेला. म्हणजे तपासणी फसली, तर रक्कम वाढवली. दरम्यान २०१० नंतर शिक्षकभरती थंडावली, पात्रता परीक्षा आली आणि डीएडच्या वर्गांत विद्यार्थी मिळेनासे झाले. राज्यभर कित्येक महाविद्यालये बंद पडली. ठेवी संस्थांच्याच होत्या, त्या संस्थांना परत मिळतात. दोन वर्षे आणि घरचा पैसा घालवलेल्या मुलींना परत मिळेल असे त्या व्यवस्थेत काही नव्हते.

शुल्काच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो सहज झटकता येणार नाही. मोठी ठेव आणि भक्कम शुल्क ठेवले, की हवशे-नवशे बाजूला होतात आणि फक्त गंभीर संस्था येतात. नगरचा अनुभव याला दुजोरा देत नाही. पैशाची चाळणी लावली, तर पैसेवाला पुढे जातो, गंभीर माणूस नव्हे. कारखाना, बँक, दूध संघ हाताशी असलेल्या गटाला बारा लाख म्हणजे क्षुल्लक रक्कम आहे. तीच रक्कम पाथर्डीच्या एखाद्या महिला मंडळाला किंवा श्रीगोंद्यातल्या निवृत्त शिक्षकांच्या गटाला अशक्य ठरते. या चाळणीतून जिल्ह्याचे शिक्षण काही घराण्यांच्या हाती एकवटले. ते चांगले काम करणारी घराणी असोत वा नसोत, एवढ्या मोठ्या क्षेत्रावर एवढ्या थोड्यांची सत्ता असणे लोकशाहीला परवडणारे नाही. भाऊरावांनी रयत सुरू केली तेव्हा अशी अट असती, तर ती काले गावातच संपली असती.

दुसरा आक्षेप बरोबर उलट टोकाचा. मग मान्यता आणि शुल्क दोन्ही काढून टाका, वाईट संस्था बाजार आपोआप बंद पाडेल. फरारबाई आणि सावित्रीबाईंच्या शाळा परवान्याशिवायच तर चालल्या. पण त्या शाळांत कोणी पोटासाठी प्रमाणपत्र विकत घेत नव्हते. मूल वाचायला शिकले की नाही, हे आई-बापांना घरीच कळत होते. अभियांत्रिकीची पदवी किंवा डीएडची पदविका घेणाऱ्याला ती पोकळ आहे हे कळते ते दोन-चार वर्षांनी, मुलाखतीच्या खोलीत. तोवर पैसा आणि वय दोन्ही गेलेले असते. बाजार वाईट संस्था बंद पाडतो हे खरे, डीएडच्या बाबतीत त्याने पाडल्याही. फक्त त्याची किंमत विद्यार्थी भरतो. या कारणासाठी सरकारची मान्यता आवश्यक आहे आणि मान्यतेला खर्च येत असल्याने शुल्कही योग्य आहे.

ते कसे असावे याचे एक साधे उदाहरण आपल्या तालुक्याच्या गावांतच होते. श्रीरामपूर, संगमनेर, शेवगाव, राहुरी, जिथे तहसील कचेरी तिथे एखादी तरी टायपिंग इन्स्टिट्यूट असे. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, पुढे साठ शब्द मिनिटाला. या संस्था खासगी, मान्यता शिक्षण विभागाची आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची. मालकाकडे किती चौरस फूट जागा आहे यावर प्रमाणपत्राची किंमत ठरत नव्हती. बाहेरच्या परीक्षकासमोर, ठरल्या वेळात, उमेदवाराने किती शब्द किती चुकांसह टंकित केले यावर ती ठरत होती. म्हणून कारकुनाच्या भरतीत त्या प्रमाणपत्राला मान होता. विद्यार्थ्याने भरलेल्या परीक्षा शुल्काच्या बदल्यात त्याला खरी तपासणी मिळत होती. निकालावर अनुदान देणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षकाचा हा बाहेरचा परीक्षक शेवटचा वारस होता. २००१ नंतर संगणक साक्षरतेसाठी एमएस-सीआयटी आली आणि पुढे टायपिंगही संगणकावर गेले. अभियांत्रिकी किंवा अध्यापन इतक्या सोप्या मोजमापात बसत नाही, हे मान्य. पण शिकून बाहेर पडणाऱ्याला तपासायचे, संस्थेचे कागद नव्हे, हे तत्त्व तिथेही लागू होते.

संस्था बंद पडली तर काय, याचे उत्तरही शुल्कात असायला हवे. कॅलिफोर्नियात खासगी व्यवसाय-महाविद्यालयांवर देखरेख करणाऱ्या विभागाकडे विद्यार्थ्यांच्या शुल्काच्या भरपाईचा वेगळा निधी असतो. शिकवणीच्या रकमेच्या प्रमाणात प्रवेशावेळी एक लहान आकारणी करण्याची त्यासाठी तरतूद आहे आणि संस्था अर्ध्यात बंद झाली, तर विद्यार्थ्यांना त्या निधीतून दावा करता येतो. २०१५ मध्ये कॉरिंथियन कॉलेजेस ही मोठी साखळी कोसळली, तेव्हा अशा निधीची गरज तिथे सगळ्यांना पटली. आपल्या डीएड महाविद्यालयांचा राखीव निधी संस्थेच्या आणि परिषदेच्या संयुक्त नावाने बँकेत पडून असतो. विद्यार्थ्याचा त्यावर कसलाही हक्क नाही. १९५४ च्या निकालातली स्वतंत्र निधीची कसोटी मान्यता शुल्काला लावली, तर घेतलेल्या प्रत्येक रुपयाचे दोनच खर्च उरतात: तपासणी आणि बंद पडलेल्या संस्थेतल्या मुलांची सोय. त्यापलीकडे घेतलेला रुपया करच आहे, आणि कर लावायचा तर विधिमंडळाने तो उघडपणे लावावा.

संस्थाचालक यावर शेवटचा मुद्दा मांडतात: आम्ही अनुदान घेत नाही, मग आमच्या वर्गात इतके डोकावण्याचा हक्क सरकारला कुठून आला? १९८३ मध्ये या मुद्द्यात काही जोर होता. आज नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी राजर्षी शाहूंच्या नावाची शुल्क सवलत आणि जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती, या वाटांनी सरकारी पैसा विनाअनुदानित महाविद्यालयांत पुन्हा येऊ लागला आहे. तो संस्थेच्या नावाने येत नाही, विद्यार्थिनीच्या नावाने येतो, एवढाच फरक. १८५४ च्या खलित्याने अनुदानाबरोबर तपासणीची जी अट घातली, ती आता पुन्हा लागू झाली आहे. प्रतिपूर्तीचा हप्ता संस्थेच्या खात्यात जाण्याआधी त्या वर्गातल्या मुलींना बाहेरच्या परीक्षकाने तपासले का आणि त्याचा अहवाल सगळ्यांना वाचता येईल असा प्रसिद्ध झाला का, हे विचारण्याचा हक्क आता राज्याला आहे, आणि ज्यांच्या उसाच्या बिलातून हे सगळे उभे राहिले त्या शेतकऱ्यांनाही आहे.